डीन होण्याआधीचं काय?
फायनान्सचे प्राध्यापक रंगराजन सुंदरम यांच्यावरचा तुमचा लेख छान आहे, पण ते २०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न बिझनेस स्कूलचे डीन झाले, यावरच निम्मा मजकूर खर्ची पडलाय. आयआयएम अहमदाबाद, कॉर्नेलची पीएच.डी. दोन ओळींत उरकलीत.

मी नेरूळला एका कॉलेजात संध्याकाळच्या बॅचला डेरिव्हेटिव्ह्ज (शेअरसारख्या गोष्टींच्या भावावर बेतलेले करार) शिकवतो. संजीव दास यांच्यासोबत सुंदरम यांनी लिहिलेलं जाडजूड पाठ्यपुस्तक, पाठीला सेलोटेप लावलेलं, अजून टेबलावर असतं. ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावाने खरेदीचा हक्क (सक्ती नाही), समजावताना मात्र मी घणसोलीच्या फ्लॅटवर येतो. लाखभर टोकन देऊन ८० लाखांचा भाव बांधून घेतला. भाव पडला तर टोकन गेलं, तेवढंच. चढला तर वरचा फायदा आपला. (टोकन परत मिळत नाही, हे इथे कुणाला समजवावं लागत नाही.)

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, बिल्डरच पळाला तर?" वर्ग हसला, पण पोराने नेमकं बोट ठेवलं होतं. एक्स्चेंजवर (शेअर बाजारात) दोघांच्या मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन असतं, मार्जिन (अनामत) घेऊन व्यवहाराची हमी देणारं. टोकनच्या पावतीमागे कोण?

पुढच्या भागात पदांपेक्षा त्यांच्या संशोधनावर लिहा, ही विनंती.