‘डॉक्टरांनी हळू चालवलेली गाडी’ म्हणजे कोरं इंजिन नव्हे

सध्या कोल्हापुरातल्या गाडीवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची तर कमी पळालेली, वयस्कर मालकानं हळू चालवलेलीच घ्या. मीटरवरच्या लाल पट्ट्यापर्यंत आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) नेलेली गाडी म्हणजे इंजिन संपलं. रोज सकाळी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवणारा आणि टॉप गिअरमध्ये निवांत चालवणारा मालक मिळाला तर डोळे झाकून टोकन द्या. माझा मावसभाऊ हा मेसेज दाखवत म्हणाला, “दादा, ताराबाई पार्कात डॉक्टरांची ऑक्टाव्हिया आरएस हाय, आठ वर्षांत फक्त १४ हजार!” म्हणून हे लिहायला बसलो.

आधी त्या १४ हजारांचा भागाकार करू. दिवसाला पाच किलोमीटरसुद्धा पडत नाहीत. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. आपलं गाव केवढं? राजारामपुरीतून रंकाळ्यावर पोचेपर्यंत पाण्याच्या तापमानाचा काटा जेमतेम मध्यावर येतो, आणि ऑइल तर पाण्याच्याही मागून तापतं. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. त्यातलं न जळलेलं थोडं पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली ऑइलमध्ये उतरतं, जळताना झालेली वाफही तिथंच पाणी होऊन बसते. पुण्याच्या एका फेरीत ऑइल चांगलं तापलं की हे दोन्ही उडून जातं. चार किलोमीटरच्या फेरीत ते साठत राहतं, ऑइल पातळ होतं, त्यात आम्ल तयार होतं, आणि बेअरिंगला त्याच ऑइलचा आधार असतो. मावसभावानं ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून लोण्यासारखा पिवळट थर. सर्व्हिसची बिलं पाहिली तर आठ वर्षांत ऑइल दोनदा बदललेलं, कारण ‘किलोमीटर कुठं झालेत?’ ऑइलची मुदत महिन्यांतही मोजतात, हे डॉक्टरांना कुणी सांगितलंच नसावं. (औषधाची एक्स्पायरी मात्र ते रोज बघत असणार.) दर आठवड्याला हायवेनं पुणे गाठणारी, दरवर्षी ऑइल बदललेली ७० हजारांची गाडी मी हिच्याआधी घेईन.

लाल पट्ट्याचा मुद्दा निम्मा खरा आहे, पण नेमका चुकीचा निम्मा मेसेजात आलाय. उद्यमनगरात बोअरिंग करणाऱ्या कुठल्याही कारागिराला विचारा. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. पिस्टन आणि तो ज्यात फिरतो त्या बोअरमधली फट तापलेल्या इंजिनाचा हिशोब धरून ठेवलेली असते. थंड असताना पिस्टन सैल, ऑइल घट्ट. तेव्हा ताणलं तर झीज होणारच. तापल्यावर तेच इंजिन लाल पट्ट्यापर्यंत जाण्यासाठीच बनवलेलं असतं. बीएमडब्ल्यूनं आपल्या ई४६ एम३ या स्पोर्ट्स कारच्या आरपीएम मीटरवर दिवे बसवले होते. ऑइल थंड असताना ते जास्त जळत, तापेल तसे एकेक विझत जात आणि चालकाला वरचे आरपीएम मोकळे होत. कंपनीनं किती आरपीएम न्यायचे यापेक्षा कधी न्यायचे हे सांगितलं होतं.

शिवाय ॲक्सिलरेटर दाबून इंजिन मर्यादेपलीकडे जात नाही, आरपीएम रोखणारा लिमिटर आडवा येतो. खरा घात होतो मॅन्युअल गाडीत चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला की. तेव्हा चाकंच इंजिनाला फिरवतात आणि लिमिटर बघत बसतो. अलीकडच्या पोर्श ९११ च्या इंजिन कॉम्प्युटरमध्ये असं जादा फिरणं आरपीएमच्या टप्प्यांनुसार, इंजिनाच्या कितव्या तासाला झालं त्यासकट, नोंदलेलं असतं. अशी गाडी बघताना मालकाच्या वयाऐवजी ती नोंद मागा.

सकाळच्या दहा मिनिटांबद्दल फार बोलायला नको. जागेवर इंजिन सगळ्यात सावकाश तापतं, म्हणजे वर सांगितलेला सगळा त्रास लांबतो. अर्ध्या मिनिटात निघा, पहिले काही किलोमीटर नरम चालवा.

टॉप गिअरवाला मात्र खरोखर घातक, कारण तो सज्जन वाटतो. लहान टर्बो पेट्रोल इंजिनाला १४०० आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये ठेवून पन्हाळ्याचा चढ चढवलात, की सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटू शकतं. एका फटक्यात पिस्टनची रिंगेची कड तुटू शकते. हा त्रास इतका खरा, की त्यासाठी ऑइलचं मानकच बदलावं लागलं: २०१८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं (एपीआय) एसएन प्लस, मग २०२० मध्ये एसपी. चढावर गिअर खाली घेणारा, आवाज करणारा पोरगा इथं इंजिनाची जास्त काळजी घेतो. शेजाऱ्यांची नाही, हे मान्य.

मेसेजाच्या बाजूनं एक सांगतो. स्वस्तातला रिमॅप मारलेली (ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली), गाडी चालू केल्या केल्या गल्लीतच ओढणाऱ्याची गाडी मीही घेणार नाही.

मावसभावाला एवढंच सांगितलं, की पुन्हा बघायला जाऊ तेव्हा गाडी रात्रभर बंद हवी. टायमिंग चेनचा खडखडाट आणि सायलेन्सरचा निळा धूर पहिल्या स्टार्टलाच पकडता येतो. डॉक्टरांना तसा फोनही केला. सकाळी साडेसातला पोचलो आणि बॉनेटवर हात ठेवला, तर ते गरम होतं.