गिऱ्हाईकाला सांगू नये

परवा सकाळी साडेदहाला नाशिकच्या भांडी बाजारातून शेठचा फोन. "आपल्या वेबसाइटवर काय छापलंय ते वाचा आणि लगेच इकडे या." वाचलं. हंडे, कळश्या, ताम्हनं, पळी-पंचपात्र, आणि त्यांच्याच रांगेत, तेवढ्याच ठसठशीत अक्षरांत पाचवा विभाग: 'पुरातली गिऱ्हाईकाला सांगू नये'. खाली एकोणीस फोटो.

झालं होतं असं. शेठच्या दुकानाची वेबसाइट मी बनवली. फोटोंचे फोल्डर त्यांच्या भाच्याने करून दिले होते. दोनशे नावं हाताने कोण टाइप करणार? म्हणून मी गल्पला, म्हणजे वेबसाइटची रटाळ कामं आपोआप करणाऱ्या प्रोग्रॅमला, एक प्लगइन जोडलं. ते फोल्डरात शिरतं, जे दिसेल त्याची जेसनमध्ये, म्हणजे मशीनला वाचता येईल अशा साच्यात, यादी करतं. फोल्डरचं नाव ते विभागाचं, फाइलचं नाव ते वस्तूचं, फोल्डरात फोल्डर असला की उपविभाग. पुढे पानं त्या यादीवरून आपोआप तयार. गुणी बाळ आहे. पाहुण्यांसमोर घरातलं सगळं सांगणाऱ्या बाळाइतकंच गुणी.

गाडी लावायला जागा शोधता शोधता रामकुंडाला जवळजवळ प्रदक्षिणा घडली. दुकानात शिरलो तर शेठ गल्ल्यावर गप्प. बोलायचं काम नानांकडे.

नानांचा या दुकानाशी काडीचा संबंध नाही. शेजारच्या पेढीवर मुनीम होते. निवृत्तीनंतर घरी करमेना, म्हणून रोज इथल्या स्टुलावर बसतात, इथला पेपर वाचतात, इथला चहा पितात. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "काय रे, तो फोल्डर तुला दिसला नाही?"

"दिसला ना. मी मशीनला सांगितलंही होतं, हा वगळ म्हणून."

"कसं सांगितलंस?"

"नावाच्या आधी उद्गारचिन्ह लावतात, नाना."

"उद्गारचिन्ह?" नानांनी पेपरची घडी घातली. "उद्गारचिन्ह म्हणजे अरे वा! नको असेल तर फुली मारतात. आमच्या चोपडीत फुली असायची. तू 'अरे वा, पुरातली!' असं लिहिलंस, त्याने हौसेने छापलं. त्या बिचाऱ्याची काय चूक?"

"तसं नसतं. तिथे उद्गारचिन्ह म्हणजेच नको."

"मग आनंद झाला तर काय लावता?"

मला उत्तर सुचेना. तेवढ्यात त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "आणि हे काय? तांब्या १, तांब्या १०, तांब्या २? एकानंतर दहा?"

"ते अक्षरं बघून लावतं. दहामधला पहिला एक बघतं, म्हणून दोनच्या आधी."

"चोपडीत मी एकावर दहा लिहिला असता तर मालकाने त्याच दिवशी घरी पाठवलं असतं," नाना म्हणाले आणि माझ्या वाटणीचा चहा उचलला.

पुरातली म्हणजे २०१९च्या पुरातली. नाशिककराला पुराचे आकडे लागत नाहीत. पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं एवढं सांगितलं की बाजारातल्या माणसाला कळतं, माल वरच्या फळीवर टाकायचा का माळ्यावर. त्या साली माळ्यावर टाकायला वेळ मिळाला नाही, एवढंच. चिखलातून निघालेली, पोचे आलेली भांडी घासूनपुसून मागे ठेवली होती. भाच्याने इमानदारीने त्यांचेही फोटो काढले आणि फोल्डरला इमानदारीने नाव दिलं.

तिथेच स्टुलाशेजारी खाली बसून मी लॅपटॉप उघडला. वगळायचं नाव आणि फोल्डरचं नाव, दोन्ही डोळ्याला तंतोतंत सारखी. शेवटी एकेक अक्षर सोलून बघितलं. घोळ 'गिऱ्हाईक'मधल्या ऱ चा! माझा ऱ युनिकोडमधलं, म्हणजे संगणकाच्या अक्षरक्रमांकांच्या यादीतलं, ०९३१ क्रमांकाचं एकच अक्षर. भाच्याच्या कीबोर्डचा ऱ म्हणजे ०९३० चा साधा र आणि त्याला चिकटवलेला वेगळा नुक्ता, म्हणजे खालचं टिंब. दिसायला जुळे, मशीनच्या लेखी एकमेकांना ओळखतही नाहीत. इंग्रजीत नाव असतं तर ही वेळच आली नसती, असं क्षणभर मनात आलं आणि स्वतःचाच राग आला. अशी दोन रूपं एक करायला जावास्क्रिप्टमध्ये नॉर्मलाइज आहे. २०१५ साली, म्हणजे आपल्याकडे सिंहस्थ सुरू झाला त्याच वर्षी आलं. माझ्याकडून ती ओळ राहिली. अपलोड करण्याआधी मी चारही विभाग तपासले होते. पाचवा तपासला नाही, कारण तो नसणारच होता.

हे सगळं मी शेठना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे टिंबाची चूक," ते म्हणाले आणि ठरलेल्या पैशांतून दीड हजार कापले. एका टिंबाचे दीड हजार! दोनशे फोटो कापून-छाटून सरळ केले, त्याचा हिशेब कुणी काढला नाही. ते 'नुसतं फोटो टाकायचं काम'. याच शेठकडे हंड्याच्या मजुरीत दहा रुपये कमी करा म्हणून बघा, काय ऐकून घ्यावं लागतं ते.

निघताना त्यांनी एक तांब्या हातात ठेवला. "राहू द्या, घरी होईल." तांब्या चकचकीत होता. मी फार विचार केला नाही.

घरी आईने तो ओट्यावर ठेवला. तो एका बाजूला कलला. तिने फिरवून ठेवला, दुसऱ्या बाजूला कलला. मी वेबसाइट उघडली. पाचवा विभाग अजून तिथेच होता, काढायचा राहून गेला होता. त्यात सातवा फोटो.

"कुठून आणलास रे हा?" आईने विचारलं.

मी काही सांगितलं नाही.