सकाळी दुसरा गिअर मागू नये

गाडीची कंपनी सांगणार नाही. घरातल्या माणसाच्या तक्रारी चारचौघांत करू नयेत. गाडी जुनी होती आणि इटालियन होती, एवढं म्हटलं की जाणकार खांद्यावर हात ठेवून हळूच विचारतात, "वायरिंग का?"

वायरिंगच. जुन्या गाडीत दिव्यापर्यंत वायर एकच जाते. करंट परत येतो तो बॉडीच्या पत्र्यातून. जिथे पत्रा गंजला, तिथे परतीची वाट बंद. मग तो करंट ज्या दिव्यातून जमेल त्या दिव्यातून घुसून घर गाठतो. त्यामुळे मी उजवा इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा मिणमिणायचा आणि पेट्रोलचा काटा तालात मान डोलवायचा. वायपर लावले की हेडलाइट मंद. भर पावसात रात्री एकतर काच स्वच्छ मिळे, नाहीतर उजेड. दोन्ही मागणं हावरटपणाचं होतं.

बसायची तऱ्हा निराळीच. पेडल पोटाशी आणि स्टीअरिंग पार तिकडे. हात लांब आणि पाय आखूड असलेल्या कुणा गृहस्थाचं माप घेऊन ती सीट बसवली असावी. मला तो गृहस्थ आजवर भेटलेला नाही.

आणि दुसरा गिअर. गिअरबॉक्समधलं तेल रात्रभरात घट्ट व्हायचं, त्यात सिंक्रोच्या, म्हणजे गिअर अलगद बसवणाऱ्या, पितळी रिंगा झिजलेल्या. इंजिन तापेपर्यंत दुसऱ्यात टाकायला गेलं की गाडी दात खायची. म्हणून सकाळी पहिल्यातून थेट तिसरा. शेजारी बसलेल्या पाहुण्यांना वाटे, मला गाडी येत नाही. मी त्यांना सिंक्रो समजावून सांगत असे. ते पुढच्या वेळी रिक्षाने येत.

पण इंजिनासाठी पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे ते कार्ब्युरेटर! वेबर कंपनीची जोडी होती. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. तो पुरवायची साधी रीत म्हणजे रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं आळीपाळीने प्रत्येकाच्या तोंडाशी. फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. सुट्टीच्या सकाळी मी बॉनेटमध्ये डोकं घालून डॉक्टरासारखा उभा असे. घरातून हाक येई, "अहो, पेशंट वाचेल ना?"

वाचे. आणि मग घाटातल्या वळणाआधी, एव्हाना राजी झालेला दुसरा गिअर टाकून पाय दाबला की इंजिन असं गायला लागे की पेट्रोलचा काटा खोटं बोलतोय याचं काही वाटेना. फेरारीची बारा सिलिंडरची व्ही-१२ इंजिनं आखणारे अउरेलिओ लाम्प्रेदी पुढे फियाटमध्ये गेले आणि १९६६ च्या १२४ स्पोर्ट स्पायडरला झडपा हलवणाऱ्या दोन कॅमशाफ्टचं इंजिन देऊन बसले; म्हणजे साध्या पगारदाराच्या गाडीलाही त्या देशात असे हात लागत. फियाटच्या तुरीनमधल्या लिंगोत्तो कारखान्यात तर गाडी एकेक मजला चढत तयार व्हायची आणि चाचणीला थेट गच्चीवरच्या ट्रॅकवर पळायची. गच्चीवर गाड्या पळवणाऱ्या देशाला इंडिकेटरच्या वायरीत मन घाला, असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

शेवटी एकदा गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक आलं, आणि त्या दिवशी तिने माझी अब्रूच घेतली. पहिल्याच चावीला चालू. दिवे आपापल्या जागी लागले. थंडगार दुसरा गिअर लोण्यासारखा पडला. डॅशबोर्डवरचं घड्याळ, जे मी घेतल्यापासून बंद होतं, तेही टिकटिकू लागलं. मी तिथल्या तिथे किंमत वाढवली.

गिऱ्हाईक चक्रावलं. "गाडी एवढी चांगली आहे, तर विकताय कशाला?"

मी उत्तर जुळवतोय तोवर ही चहा घेऊन आली. "विकत नाहीत हो," ती म्हणाली. "अधूनमधून असं कुणालातरी बोलावून दाखवतात. साखर किती?"