‘बोट हलवू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दिवाळी उलटल्यावर सोलापुरातल्या अशोक चौकाजवळच्या माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत एक विडी कामगार अक्का आल्या. उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेरात वाकून आकड्यासारखी थांबलेली. वरची कातडी लालभडक, चकचकीत, ताणलेली. गणपतीत भजी तळताना कढई कलंडली आणि हाताच्या मागच्या बाजूवर तेल सांडलं. ‘जखम भरली मॅडम, पण बोट वळंना झालंय. विडीचं तोंड दुमडायला गेलं की पान निसटतंय.’ इतके दिवस काय केलंत, असं विचारल्यावर त्यांनी डाव्या हाताने मोबाईल पुढे केला.

‘भाजलेल्या बोटासाठी पाच नियम’ हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरून गेला असेल. त्याचा मथितार्थ असा: भाजल्याबरोबर बर्फ आणि टूथपेस्ट लावा. जखम पूर्ण भरेपर्यंत बोट अजिबात हलवू नका, सगळी बोटं एकत्र बांधून ठेवा. तूरडाळ, अंडी, वांगं बंद करा, नाहीतर पू होतो. जखम भरली की बोट आपोआप मोकळं होतं, फिजिओथेरपी हा पैशाचा खेळ. आणि सहा महिन्यांत सुटलं नाही तर नस जळाली समजा, उपाय नाही.

पाचही नियम चुकीचे आहेत, पण सारखेच घातक नाहीत.

बर्फाचं आधी उरकते. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच पोळलेल्या कातडीचं नुकसान आणखी खोल जातं. टूथपेस्ट जखमेला चिकटून बसते, मग किती खोल भाजलंय ते बघायला डॉक्टरांना ती आधी काढावी लागते. करायचं ते एवढंच: साधं गार वाहतं पाणी, २० मिनिटं. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्यामुळे २० मिनिटं नळाखाली हात धरा म्हटलं की लोक माझ्याकडेच बघतात. बॅरलमधलं पाणी मग्याने ओतत राहिलात तरी चालतं. भाजून तीन तासांच्या आत केलं तरी त्याचा उपयोग होतो. आणि अंगठ्या, बांगड्या लगेच काढा. सूज आली की त्या बोटालाच आवळतात, मग कापून काढाव्या लागतात.

खाण्याचा नियम तर उलटाच आहे. भाजलेल्या शरीराला नवी कातडी विणायला प्रथिनं लागतात आणि हा मेसेज नेमकी डाळ आणि अंडीच ताटातून उचलतो. पू होतो तो जंतूंमुळे, वांग्यामुळे नव्हे. डाळ खा, अंडी खा, भाकरीबरोबर शेंगाचटणीही खा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा, कारण साखर वाढलेली असली की जखम रेंगाळते.

खरं भांडण आहे ते ‘हलवू नका’शी.

हात भाजला की आत पाणी साठून तो फुगतो. दुखरा हात आपण पोटाशी धरून बसतो. मनगट खाली लोंबतं, बोटाच्या मुळाचे सांधे मागे सरळ होतात आणि मधली पेरं वाकतात, कोंबडीच्या पंजासारखी. या अवस्थेत त्यातल्या त्यात कमी दुखतं, म्हणून हात तिथेच राहतो आणि तिथेच आखडतो. त्यात बोटाच्या मुळाच्या सांध्याची एक खोड आहे. तो सरळ असताना त्याच्या दोन्ही बाजूंचे बंध सैल असतात. ते तसेच सैल राहिले की काही आठवड्यांत आखूड होतात आणि मग मूठ मिटत नाही. म्हणून हाताच्या मागच्या बाजूला भाजलं असेल तर आम्ही स्प्लिंट, म्हणजे हात एका स्थितीत धरून ठेवणारा आधार, देतो ते मुळाचा सांधा ७० ते ९० अंशांत वाकवून, पुढची पेरं सरळ आणि मनगट थोडं वर उचलून. रुग्णाला हे विचित्र वाटतं, घरचे तर पहिल्या रात्रीच काढून ठेवतात. तळहात भाजला असेल, म्हणजे रांगत्या पोराने तापलेल्या तव्यावर हात टेकवला असेल, तर हिशेब उलटा. तिथे बोटं सरळ आणि पसरून ठेवायची, कारण व्रण ती तळव्याकडे ओढणार असतो.

सगळी बोटं एकत्र बांधायचा सल्ला तर वाचूनच माझं डोकं फिरलं. दोन बोटांच्या उघड्या जखमा एकमेकींना लागून राहिल्या तर बेचक्यातून जुळून येतात, बदकाच्या पायासारखा पडदा तयार होतो. प्रत्येक बोटाला वेगळं ड्रेसिंग हवं, मध्ये गॉज हवं आणि हात उशीवर उंच हवा. आणि डॉक्टरांनी होकार दिला की पहिल्या दोन-तीन दिवसांतच, सूज असतानाही, थोडं थोडं हलवायला सुरुवात.

इथे मेसेजच्या बाजूचा एक मुद्दा मान्य करायला हवा. काही वेळा बोट खरंच हलवायचं नसतं. नवीन कातडी बसवली असेल, म्हणजे ग्राफ्टिंग झालं असेल, तर ती धरेपर्यंत साधारण पाच ते सात दिवस हात स्थिर ठेवतात. आणि मधल्या पेराच्या मागची जखम खोल असेल, तर तिथे जबरदस्तीने मूठ वळवणं महागात पडतं. बोट सरळ करणारा स्नायूबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तिथे अगदी कातडीखाली असते. ती फाटली की शर्टाच्या काजातून बटण बाहेर यावं तसं पेर मधून वर येतं आणि बोट वाकडं होऊन बसतं. अशा वेळी तेवढंच पेर सरळ बांधतात, बाकीची बोटं हलवत राहतात. पण कुठलं पेर आणि किती दिवस, हे जखम बघणारा सांगेल. ग्रुपवरचा मेसेज जखम न बघताच सगळ्यांना एकच नियम लावतो.

आता ‘जखम भरली की आपोआप सुटतं’. माझ्याकडे आखडलेलं बोट घेऊन येणारे बहुतेक या एका वाक्यावर विसंबलेले असतात. जखम बंद करताना शरीर तिच्या कडा एकमेकींकडे ओढत आणतं. कातडी मिटली म्हणून हे ओढणं थांबत नाही. व्रण लाल आहे, जाड आहे, खाजतोय, तोवर तो ओढतोय असं समजा. मऊ, फिका, सपाट व्हायला त्याला सहा महिने ते दोन वर्षं लागतात. दिवसा मोकळं केलेलं बोट रात्रभरात पुन्हा आवळतं, म्हणून सकाळ सगळ्यात वाईट आणि म्हणूनच झोपताना स्प्लिंट.

अक्कांना पहिल्या दिवशी दिलं ते असं. खोबरेल तेलाचे दोन थेंब घेऊन व्रणावर अंगठ्याने दाबून, सावकाश, गोल गोल चोळायचं. मग डाव्या हाताच्या चिमटीत मधल्या पेराच्या खालचं हाड धरायचं आणि फक्त ते पेर वळवायचं. मग त्याच्यापुढचं हाड धरून फक्त टोकाचं. नंतर आधी बोटांचा आकडा, मग पूर्ण मूठ, मग हात सपाट. शेवटी दुसऱ्या हाताने बोट तळव्याकडे हळूहळू दाबत न्यायचं. व्रण पांढरा पडला की तिथेच थांबून तीस आकडे मोजायचे. गचका द्यायचा नाही. हे दिवसातून पाच-सहा वेळा. ताणाचं दुखणं थोड्या वेळात शमतं, ते चालतं. दुसऱ्या सकाळी बोट सुजलेलं दिसलं तर जास्त झालं, कमी करा.

घरी पीठ मळायला सांगितलं. ज्वारीचं पीठ मळताना मूठ वळते आणि भाकरी थापताना तळवा सपाट होतो, एका कामात दोन्ही व्यायाम. पण ज्वारीच्या पिठात आपण उकळतं पाणी ओततो आणि व्रणाला चटका लवकर कळत नाही. म्हणून व्यायामाचं पीठ गार पाण्यातलं. उन्हात जाताना हात झाकायचा, कारण नव्या कातडीवर काळे डाग पडतात आणि आपलं ऊन काय आहे ते सांगायला नको.

पैशाचा खेळ? बोटाला हातही न लावता शेकाचं मशीन लावून बिल करणारे आमच्यात आहेत, हे नाकारत नाही. तसं असेल तर तिथे जाऊ नका. पण बोटाचं निम्म्याहून जास्त काम घरीच होतं. मी आठवड्यातून एकदा मोजते आणि चुकतंय ते सांगते.

उरली ‘नस’. मराठीत शीर, स्नायूबंध, मज्जातंतू या सगळ्यांना आपण नस म्हणतो, तिथूनच घोळ सुरू होतो. घरी बघण्यासारखी एक खूण आहे. दुसऱ्या हाताने हळूच वळवल्यावर बोट वळतं, पण स्वतःहून वळत नाही, तर स्नायूबंधाचा किंवा मज्जातंतूचा प्रश्न असू शकतो, डॉक्टरांना दाखवाच. दुसऱ्या हातानेही वळत नाही आणि व्रण पांढरा पडतो, तर कातडी आखूड आहे. व्रण पांढरा न पडता बोट आधीच अडतं, तर सांधा आखडलाय. अक्कांची कातडी आखूड झाली होती. सहा महिन्यांनंतरही हालचाल वाढते आणि जिथे नाहीच वाढत तिथे शस्त्रक्रिया आहे. व्रण नागमोडी कापून लांबी वाढवतात किंवा सोडवून नवीन कातडी बसवतात. त्यानंतर स्प्लिंट आणि व्यायाम पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर बोट परत ओढलं जातं. प्रत्येक बोट पूर्वीसारखं होतंच असं मी म्हणणार नाही. लहान मुलांच्या बाबतीत मात्र थांबूच नका. हाड वाढतं, व्रण वाढत नाही.

मूठ वळताना अक्कांच्या बोटाचं टोक तळव्यापासून पहिल्या दिवशी पाच सेंटिमीटरवर थांबलं होतं, मी पट्टी लावून मोजलं होतं. अकराव्या आठवड्यात दीडवर आलं. विड्या वळतात, पूर्वीइतक्या नाही, आणि दोरा बांधताना अजून गडबड होते. मेसेजच्या शेवटी ‘दहा जणांना पाठवा’ असं होतं आणि त्यांनी तो पाठवलाही होता. परवा म्हणाल्या, ‘त्याच दहा जणींना मुठीचा फोटो टाकते.’ मी म्हटलं, अक्का, दीड सेंटिमीटर अजून राहिलंय.