ब्लीच आणि ॲसिड एकत्र करायला सांगणारा दिवाळीचा तो संदेश

गेल्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास आईचा फोन आला, तेव्हा तिचा आवाज घोगरा झालेला होता आणि एकेक वाक्य पुरे करताना ती खोकत होती. न्हाणीघर घासायला घेतलेल्या मावशींना श्वास लागला आहे, त्यांच्या डोळ्यांतून सारखे पाणी वाहते आहे, गूळ-पाणी देऊनही उतार पडत नाही, आता काय करू, असे ती विचारत होती. कशाने घासत होत्या, असे मी विचारल्यावर ती म्हणाली, “अगं, तो दिवाळीच्या साफसफाईचा मेसेज आलाय ना सगळीकडे, त्यात सांगितलंय तसंच केलं. दोन्ही बाटल्या एका बादलीत ओतल्या.” मी रिक्षा करून पोहोचेपर्यंत शेजारच्या वहिनींनी मावशींना दवाखान्यात नेले होते. तिथे त्यांना प्राणवायू लावावा लागला, नेब्युलायझरने औषध द्यावे लागले आणि संध्याकाळपर्यंत थांबवून मग घरी सोडण्यात आले.

तो संदेश माझ्याही फोनवर तोवर चार गटांतून येऊन पडला होता. ‘वैद्यानां शारदी माता’ या वचनाने त्याची सुरुवात होते. शरद ऋतू ही वैद्यांची आईच, कारण या दिवसांत आजार वाढतात, असा त्याचा अर्थ सांगून पुढे ऑक्टोबर हीटमध्ये घर निर्जंतुक करण्याचे आठ ‘रामबाण’ उपाय दिलेले आहेत आणि शेवटी ‘एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला, किमान दहा जणांना पाठवा’ अशी पुस्ती आहे. डॉक्टरांचे नाव कुठेही नाही. मी २८ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे आणि या आठांपैकी पहिला उपाय वाचल्यावर मला जो संताप आला, तो अजून शमलेला नाही.

पहिला उपाय असा: फरशी आणि टाइल्स लख्ख करण्यासाठी ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर समप्रमाणात एकत्र करावे, ते सगळीकडे पसरावे, दार लावून अर्धा तास ठेवावे आणि मग घासावे, ‘उग्र वास येणे ही जंतू मरत असल्याची खूण आहे.’

यातला शब्द न् शब्द घातक आहे. घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाण्यातले द्रावण. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. हे दोन एकत्र आले की मीठ, पाणी आणि क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीचिंग पावडरीवर आम्ल टाकले तरीही तेच होते. क्लोरीन तयार करण्याच्या या कृतीत आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. पण प्रयोगशाळेत ती धूर बाहेर ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात करतात आणि विद्यार्थ्यांना चार हात लांब उभे करतात. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र येथे जर्मन सैन्याने खंदकांतल्या सैनिकांवर सोडला तो हाच वायू. तो डोळ्यांच्या, घशाच्या आणि फुप्फुसांच्या ओलाव्यात विरघळतो आणि तिथल्या तिथे आम्ल बनून आतून जाळतो.

किती वायू तयार होतो, याचा हिशेब मी त्याच रात्री मांडून पाहिला. ब्लीच पाच टक्के धरले, तर त्याच्या १०० मिलिलिटरला दहा टक्के आम्लाचे सुमारे ५० मिलिलिटर पुरतात, आणि सगळे आम्ल-ब्लीच खर्ची पडले तर दीड लिटरहून अधिक क्लोरीन सुटतो. पाच फूट बाय सात फुटांच्या, आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात जेमतेम आठ हजार लिटर हवा मावते. म्हणजे दहा लाख भाग हवेत दोनशे भाग क्लोरीन. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेसाठी जी पातळी ‘जिवाला किंवा प्रकृतीला तात्काळ धोका’ म्हणून ठरवलेली आहे, ती दहा लाखांत दहा भाग एवढीच आहे. प्रत्यक्षात सगळा वायू एकदम हवेत येत नाही, हे मी मान्य करते. पण वीस भागांतला एक भाग जरी बाहेर पडला, तरी धोक्याची रेषा गाठली जाते. संदेश तर कपाचे नव्हे, बाटल्यांचे माप सांगतो.

त्यातही दार लावून घेण्याची सूचना मला सर्वांत क्रूर वाटते. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड असतो, त्यामुळे तो जमिनीलगत साचतो, आणि आपल्याकडे न्हाणीघर घासणारी बाई उकिडवी बसून, तोंड फरशीपासून दीड-दोन फुटांवर आणून घासते. आई सांगत होती की, मावशींनी अर्ध्या कामातून उठून “आजी, वास लय उग्र येतोय, दार उघडू का?” असे विचारले होते. आईने त्यांना थांबवले, कारण उग्र वास येणे चांगले, असे संदेशात लिहिले होते आणि वास घरभर पसरू नये म्हणून कडीही लावून घेतलेली होती. शरीराने दिलेली धोक्याची पहिली सूचना या एका वाक्याने पुसून टाकली. हे वाक्य ज्याने लिहिले, त्याने आयुष्यात कधी स्वतःचे न्हाणीघर घासले असेल, असे मला वाटत नाही.

हे सगळे एका घरापुरते आहे, असे कोणी म्हणेल, म्हणून एक पक्का दाखला देते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२० मध्ये आपल्या साप्ताहिक अहवालात विषबाधा-मदत केंद्रांकडे आलेल्या फोनची आकडेवारी दिली होती. त्या वर्षीच्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत साफसफाईच्या आणि निर्जंतुक करण्याच्या द्रव्यांमुळे त्रास झाल्याचे ४५,५५० फोन आले होते आणि आधीच्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा ते २०.४ टक्क्यांनी अधिक होते. त्या अहवालात एका बाईची हकीकत आहे. बातम्यांत ऐकून तिने बाजारातून आणलेला भाजीपाला धुण्यासाठी सिंकमध्ये ब्लीचचे द्रावण, व्हिनेगर आणि गरम पाणी एकत्र केले. स्वयंपाकघरात क्लोरीनसारखा वास पसरला, तिला श्वास घेता येईना, आणि रुग्णवाहिकेतून तिला दवाखान्यात न्यावे लागले. तिच्या मिश्रणात टॉयलेट क्लीनरही नव्हते. नुसत्या व्हिनेगरने हे झाले. तेव्हा ब्लीचबरोबर लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर यांपैकी काहीही नको. काचा पुसण्याच्या काही द्रवांत अमोनिया असतो, तोही नको, कारण त्यातून क्लोरामाइन हे दुसरे विषारी वायू तयार होतात.

दोन जालीम वस्तू एकत्र केल्या की दुप्पट जालीम होतात, ही समजूत या साऱ्याच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात आम्ल ब्लीचला फोडते आणि ब्लीच आम्लाला खाऊन टाकते; खाली उरते ते बहुतांशी खारट पाणी. शिवाय न्हाणीघरातली घाण दोन वेगळ्या जातींची असते. बोअरच्या जड पाण्याने टाइल्सवर जो पांढरट थर बसतो, तो क्षारांचा असतो आणि त्याला आम्ल लागते. पावसाळाभर ओल धरलेल्या सांध्यांत जी काळी बुरशी धरते, तिला ब्लीच लागते. एक काम आज करावे, भरपूर पाण्याने धुऊन फरशी कोरडी होऊ द्यावी, दुसरे काम दुसऱ्या दिवशी करावे, आणि दोन्ही वेळा दार-खिडकी उघडी ठेवावी, हातात रबरी मोजे असावेत. दारावर येणाऱ्या फेरीवाल्याकडून पाण्याच्या जुन्या बाटलीत मिळणारे बिनलेबलचे ‘फरशीचे ॲसिड’ तर घरात घेऊच नये; ॲसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच निर्बंध घातले आहेत आणि तरीही ते विकले जाते.

चुकून मिश्रण झालेच असेल, तर ते निस्तरत बसू नये. आधी माणसाला मोकळ्या हवेत आणावे, डोळे किमान पंधरा मिनिटे साध्या पाण्याने धुवावेत आणि डॉक्टरांकडे न्यावे. गूळ, दूध, तूप यांनी फुप्फुसातली जळजळ जात नाही. काही वेळा त्रास काही तासांनी वाढतो, म्हणून बरे वाटले तरी त्या दिवशी माणसाला एकटे सोडू नये.

दुसरा उपाय खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सिंक, गॅसची शेगडी, मोरी, सगळे पुसण्याचा. फेस पाहून समाधान होते, पण तो फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो आणि खाली सोडियम ॲसिटेटचे पाणी उरते. सोडा वेगळा वापरला तर चिकटा निघतो, व्हिनेगर वेगळे वापरले तर क्षार निघतात. एकत्र केल्यास दोघांचाही बळी जातो. अपाय नाही, उपयोगही फारसा नाही.

तिसऱ्या उपायाने मात्र घराचे नुकसान होते. कोणत्याही फरशीवर आणि ओट्यावर लिंबू चोळावे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी, कोटा, काळा कडप्पा आणि संगमरवर हे सगळे मुळात चुनखडीचे किंवा चुनखडीपासून झालेले दगड आहेत. त्यांच्यावर लिंबाचा रस पडला की बारीक बुडबुडे येतात, कारण दगडच विरघळत असतो. आईच्या कडप्प्याच्या ओट्यावर शेगडीच्या डाव्या बाजूला तळहाताएवढा फिकट, खरबरीत डाग आता कायमचा पडला आहे. तो डाग पुसून जात नाही, कारण तिथे काही चिकटलेले नसून तिथले काही गेलेले आहे. अशा दगडाला कोमट पाणी आणि साबण पुरतो.

चौथा उपाय तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासण्याचा आणि पाचवा गाद्या-गोधड्या ऑक्टोबरच्या उन्हात टाकण्याचा. हे दोन्ही बरोबर आहेत. चिंचेतले आम्ल तांब्यावरचा काळपट ऑक्साइडचा थर काढते, आणि चार महिने दमट राहिलेल्या गादीतली ओल काढायला या कडक उन्हासारखे दुसरे काही नाही. पण हे आपल्या आज्यांना ठाऊक होते, त्यासाठी कोणा अनामिक डॉक्टरांची गरज नव्हती. आई मला म्हणाली, “चिंचेचं खरं होतं, गोधड्यांचं खरं होतं, मग बाकीचंही खरंच असेल असं वाटलं.” खऱ्या गोष्टी अशा संदेशांत असतात त्या याच कामाला येतात, आणि म्हणून हे दोन मुद्दे मान्य करताना माझे मन आक्रसते.

खोलीच्या कोपऱ्यांत कापलेला कांदा ठेवला की तो हवेतले जंतू ओढून घेतो, हा सहावा उपाय. कांद्यात असे ओढून घेणारे काहीही नाही; खिडकी उघडा. कोजागरीचे दूध रात्रभर उघडे ठेवून चंद्रकिरणांचे औषध त्यात उतरवावे, हा सातवा. चांदणे म्हणजे चंद्रावरून परतलेला सूर्यप्रकाशच, तोही लाखो पटींनी मंद. गच्चीवर बसून केशर-बदामाचे आटवलेले दूध अवश्य प्यावे, त्यात मला स्वतःला फार आनंद वाटतो, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात ते सकाळपर्यंत उघडे ठेवून लहान मुलांना देऊ नये.

आठवा उपाय फटाक्याने भाजल्यावर लगेच टूथपेस्ट किंवा कणीक थापण्याचा आहे, आणि पहिल्याच्या खालोखाल मला याची भीती वाटते, कारण तो मुलांच्या हातांवर होणार आहे. भाजलेल्या कातडीतली उष्णता बाहेर पडायला हवी असते. टूथपेस्टचा थर ती आत कोंडतो आणि पुढे डॉक्टरांना तो थर सोललेल्या कातडीवरून खरवडून काढावा लागतो. नळाचे साधे वाहते पाणी वीस मिनिटे भाजलेल्या जागेवर धरावे, बर्फ लावू नये, सूज येण्याआधी अंगठी-बांगडी काढावी आणि स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून दवाखाना गाठावा. वीस मिनिटे हा काळ रडणाऱ्या मुलाजवळ उभे असताना फार लांब वाटतो, तरीही घड्याळ लावून तो पुरा करावा.

आईने शुक्रवारी तिच्या भजनी मंडळाच्या गटावर झालेला प्रकार स्वतः लिहून पाठवला. तो संदेश तिनेच तिथे आणला होता. त्यानंतर ब्लीचची बाटली गच्चीकडच्या फडताळात आणि टॉयलेट क्लीनर न्हाणीघरात, अशी तिने दोन्हींची ताटातूट केली आणि जाड मार्करने दोन्ही बाटल्यांवर ‘यात दुसरे काही मिसळू नये’ असे लिहून चिकटवले. मावशी शनिवारी कामावर आल्या, तेव्हा आईने त्यांना ते वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि बादली उचलता उचलता एवढेच म्हणाल्या, “आणि आजी, दाराला कडी आता लावायची नाही.”