कमरेएवढ्या लाटा

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही श्रीलंकेत वेलीगामा येथे सर्फिंग शिकायला जाणार आहोत. पन्नाशीच्या उंबरठ्यावर वडिलांनी काहीतरी धाडस करावे, ही कल्पना मुलीची. त्या धाडसाला समुद्राची संमती आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र मी आपण होऊन अंगावर घेतली आणि तेथून माझे हाल सुरू झाले.

वास्तविक ऋतूबद्दल तक्रारीला जागाच नव्हती. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे श्रीलंकेचा दक्षिण किनारा घुसळून काढतात, तेव्हा सर्फर मंडळी आपले बिऱ्हाड पूर्व किनाऱ्यावर ‘अरुगम बे’ येथे हलवतात आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पुन्हा दक्षिणेला येतात. फेब्रुवारीत वारा ईशान्येचा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. त्यामुळे सकाळच्या लाटा इस्त्री फिरवल्यासारख्या गुळगुळीत असतात. एवढे कळल्यावर शहाण्या माणसाने फोन खाली ठेवला असता. मी लाटांच्या अंदाजाचा तक्ता उघडला.

तक्त्यात उंची आणि वारा यांच्या मधोमध ‘14 सेकंद’ असा एक गूढ आकडा होता. लाट तेवढा वेळ टिकत असावी, अशी माझी समजूत झाली. वस्तुतः तो एका लाटेनंतर दुसरी येईपर्यंतचा अवधी होता आणि सगळी मेख त्यातच होती. जवळपासच्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा सात-आठ सेकंदांनी, एकमेकींच्या पायांत पाय घालत येतात. लांबून आलेल्या लाटा मात्र पंगतीत वाढायला निघाल्याप्रमाणे अंतर राखून, सावकाश आणि घरंदाजपणे येतात. या लाटांचे माहेर दक्षिण गोलार्धात 40 ते 50 अक्षांशांच्या दरम्यान आहे. तेथील बेफाम वाऱ्यांच्या पट्ट्याला दर्यावर्दी लोकांनी ‘गरजणारी चाळिशी’ असे नाव दिलेले आहे. (माझी चाळिशी गरजत नाही, ती फक्त नाकावरून घसरते.) तेथे वादळ झाले की 14 सेकंदांच्या लाटांचा जथा ताशी सुमारे 40 किलोमीटरच्या वेगाने, म्हणजे सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी कोणालाही स्वप्नातसुद्धा न गाठता येणाऱ्या वेगाने, साडेपाच हजार किलोमीटर कापून सहाएक दिवसांत श्रीलंकेला पोहोचतो. याचा अर्थ, ज्या लाटेवर मी सोमवारी उभा राहणार, तिचा जन्म आदल्या मंगळवारी व्हायला हवा होता. त्या मंगळवारी कार्यालयातील आढावा बैठकीत मी टेबलाखाली फोन धरून नकाशावर हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला वादळाचा जांभळा डाग उमटण्याची वाट पाहत बसलो होतो. डाग उमटला तेव्हा माझ्या तोंडून ‘झाले!’ असा उद्गार निघाला आणि साहेबांनी मार्चअखेरचे उद्दिष्ट माझ्या नावावर पूर्ण झाल्याचे गृहीत धरले.

उंचीच्या आकड्याचा प्रकार आणखी निराळा. तक्त्यातील एक मीटर म्हणजे सर्व लाटांची सरासरी नव्हे, तर सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. शिकवणी वर्गांच्या जाहिरातीत फक्त हुशार मुलांचे फोटो छापतात, तसाच हा हिशेब. एखादी लाट त्या आकड्याच्या दुपटीपर्यंतही जाऊ शकते, ही माहिती मी पत्नीला सांगितली नाही. त्यातच लाटांचा अंदाज बांधणारे अमेरिकी संगणकीय प्रारूप 1.2 मीटर म्हणत होते आणि युरोपीय 0.9. दोन्ही प्रारूपे दिवसातून चार वेळा नव्याने गणित मांडतात, त्यामुळे मीही, मधुमेहाच्या गोळ्या घ्याव्यात त्या नेमाने, दिवसातून चार वेळा फोन पाहू लागलो.

सासरे गुहागरचे. त्यांना ही यंत्रे मान्य नाहीत. “जावईबापू, तिथी सांगा,” ते म्हणाले. मी पंचमी सांगितली. त्यांनी डोळे मिटून पाऊणकी म्हटली आणि जाहीर केले, “पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती.” भरतीची वेळ किनाऱ्यागणिक बदलते आणि श्रीलंकेत भरती-ओहोटीतील फरक मीटरभरही नसतो, हे मी शक्य तितक्या नम्रपणे त्यांच्या कानावर घातले. “मग तो समुद्र की तळे?” असे विचारून त्यांनी वर्तमानपत्र उघडले.

शेवटी मी आमच्या प्रशिक्षकालाच उंची, सेकंद, वाऱ्याची दिशा आणि दोन्ही प्रारूपांतील तफावत असा सविस्तर निरोप पाठवला. त्याचे उत्तर तीन वाक्यांचे होते: सोमवारी कमरेएवढ्या लाटा. तळ वाळूचा आहे. आपल्याला पोहता येते का?

वाळूबद्दल मला शंका नव्हती. वेलीगामा या नावातच आपली वाळू आहे आणि गावही आपलेच आहे. माझे अडले ते कमरेपाशी. कोणाच्या कमरेएवढ्या? माझी कंबर नेमकी कोठे आहे याविषयी माझे आणि शिंप्याचे गेली दहा वर्षे एकमत झालेले नाही. शिवाय लाट येते तेव्हा माणूस फळीवर पालथा पडलेला असतो. खात्री करून घेण्यासाठी मी हॉलमध्ये सतरंजीवर पालथा झालो आणि पत्नीला समोर उभे केले. तेथून तिची कंबर पंख्याच्या जरा खाली दिसत होती.

“आता उठा बाबा, एका झटक्यात,” मुलीने फोनवरचे घड्याळ सुरू केले. हात टेकले, एक गुडघा आला, दुसरा येताना सतरंजीत अडकला, सोफ्याचा आधार घेतला आणि मी उभा राहिलो.

“सतरा सेकंद,” ती म्हणाली.

लाटा चौदा सेकंदांनी येणार आहेत.