प्लेसमेंटवाल्या सरांची निगा कशी राखावी

बेळगाव भागात कॉलेज काढलंत, इमारत उभी राहिली, कँटीनमधला चहासुद्धा पिण्यासारखा झाला, तर आता एक प्लेसमेंटवाले सर ठेवून घ्या. ‘ठेवून घ्या’ असंच म्हणायचं. नेमणूक म्हटली की पगारश्रेणी आली. अकरा महिन्यांचा करार बरा पडतो. मुलांना नोकरीची किंमत समजावून सांगायची तर आपली जाण्याची धाकधूक पोटात असलेली बरी.

माणूस शोधायला लांब जाऊ नका. मेकॅनिकलला मुलं कमी झालीत, तिथं कुणीतरी वर्कलोडच्या चिंतेत बसलेलं असणारच. त्याला केबिनमध्ये बोलवा, बेळगावची मिठाई, कुंदा, पुढं करा आणि म्हणा, “सर, तुमच्या ओळखी भरपूर आहेत की ओ.” बास. आधीचे शिकवण्याचे तास, परीक्षेची ड्युटी आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या दर्जाच्या तपासणीच्या, फायली त्याच्याकडेच राहू द्या. एकदम काढून घेतलं तर माणसाला परकं वाटतं.

बसायला जिन्याखालची खोली. बाहेर पाटी मात्र दणदणीत हवी: ‘कॉर्पोरेट रिलेशन्स अँड करिअर डेव्हलपमेंट सेल’. ती दरवाज्यापेक्षा रुंद झाली तरी हरकत नाही. फोनचं म्हणाल तर सरांकडे मोबाइल आहेच. कॉलेजचं सिम कशाला?

आता बाहेर फिरण्याचं. हा तुमचा माणूस अधूनमधून दुपारी गायब होतो. विचारलं तर म्हणतो उद्यमबागेत गेलो होतो, कधी मच्छे, कधी होनगा; सगळ्या इथल्या कारखान्यांच्या वसाहती. तिथं त्याची अनेक फाउंड्र्या आणि मशीन शॉपवाल्यांशी ऊठबस असते. ओतकाम चालू असताना मालक फोन उचलत नाही, अमक्याला तीननंतरच गाठायचं, तमक्याकडं आधी सुपरवायझरशी बोलायचं, हे सगळं त्याला पाठ. मालक म्हणतो, “सर, पोरगं पाठवा, पण व्हर्नियरनं माप घेता येणारं पाठवा.” मग हे सर त्याला १९६१ चा अप्रेंटिस कायदा समजावत बसतात, पदवी-डिप्लोमावाल्या पोरांच्या किमान स्टायपेंडचा अर्धा भार केंद्र सरकार उचलतं हे सांगतात, पोर्टलवर त्याची नोंदणीही स्वतःच करून देतात. मालकाच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, त्याला ओटीपी दिसत नाही.

या फेरीचं पेट्रोल म्हणून सर १४० रुपयांचं व्हाउचर लावतात. अशा वेळी ढिले पडू नका. अकाउंटंटनं लाल शाईनं लिहावं: ‘पूर्वपरवानगी नाही. अंतराचा पुरावा जोडावा.’ पुरावा जोडला की ‘मूळ प्रत हवी’. पंपावरच्या पावतीची शाई आठवड्यात उडते, पुढं आपोआप प्रश्न मिटतो. आमच्या माहितीतल्या एका व्हाउचरनं मार्चपासून दिवाळीपर्यंत तीन टेबलं पाहिली. दिवाळीत त्यावर पणती ठेवलेली आढळली.

बैठकीत मात्र उद्यमबागेचं नाव निघालं की तोंड वाकडं करा. दहा मिनिटांवरच्या कारखान्यात लागलेलं पोरगं म्हणजे काय प्लेसमेंट? पाचशे किलोमीटरवरच्या बंगळूरला रात्रीच्या बसनं जाऊन, खोलीला भाडं भरून, महिनाअखेरीस घरून पैसे मागवणारं पोरगं म्हणजे प्लेसमेंट. फ्लेक्सवर तेच शोभतं. कॉलेजांची सरकारी क्रमवारी लावणारी एनआयआरएफ पगाराचा मध्यक, म्हणजे रांगेतला मधला पगार, विचारते, पण गोवावेसच्या चौकातून जाणाऱ्या पालकाला मध्यक कुठं कळतो? तिथं सगळ्यात मोठं पॅकेज छापा. एकाच पोरीला तीन ऑफर आल्या असतील तर तीन फोटो लावा, एकात ओढणी बदला.

आपल्या विद्यापीठाच्या, म्हणजे व्हीटीयूच्या, इंजिनिअरिंगला इंटर्नशिपची क्रेडिट्स आहेत, म्हणजे ती करावीच लागते. कुठं, कशी, हे सरांचं सर बघतील. खानापूरकडच्या एका मुलीला वेंगुर्ला रोडवर शिनोळीत इंटर्नशिप लागली. बेळगावाहून अर्ध्या तासाचं अंतर, फक्त मधे कर्नाटक संपून महाराष्ट्र लागतो. सर तिच्या घरी गेले, आईला मशीनचा फोटो दाखवला, परतीची बस किती वाजता ते सांगितलं. आई म्हणाली, “बस नाही आली तर?” सर गप्प झाले. गप्प होण्यासारखंच होतं. डिसेंबर २०२२ मध्ये आणि परत फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमेवर वातावरण तापलं आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या अडल्या, हे इथं लहान पोरालाही माहीत आहे. शेवटी सरांनी तिथल्याच एका कामगाराच्या बायकोकडं अडीअडचणीला मुक्कामाची सोय लावली. तुम्ही काय करायचं? मुलीच्या हजेरीपत्रकावर कंपनीचा गोल शिक्का नाही, चौकोनी आहे, म्हणून फाइल परत पाठवायची.

भाषेचं तर सोडाच. शॉपवर काम मराठीत, ऑफिसात कन्नड, मुलाखत इंग्रजीत. खानापूरचंच एक पोरगं मशीनवर उभं राहून कटिंग टूल का तुटलं ते मराठीत इतकं बेस सांगतं की सुपरवायझरनं वही काढावी. तेच पोरगं “टेल मी अबाउट युवरसेल्फ” म्हटलं की वडिलांचं नाव सांगून थांबतं. सर संध्याकाळी साडेपाचनंतर जिन्याखाली त्याला बसवून घेतात. त्या वेळी खोलीची लाइट बंद करण्याची सूचना शिपायाला देऊन ठेवा. वीजबिल वाढतं.

आणि ज्यांना काहीच लागलं नाही? त्यांचीही सोय आहे. पास होऊन १८० दिवस बेकार राहिलं की कर्नाटक सरकारची युवा निधी: पदवीधराला महिन्याला ३००० रुपये, डिप्लोमाला १५००, दोन वर्षांपर्यंत. तो अर्जही प्लेसमेंट सेलमध्येच भरून घ्या. यात एचआर नाही, ॲप्टिट्यूड नाही, ग्रुप डिस्कशन नाही.

जूनमध्ये करार संपतो. तेव्हा आढावा घ्या, आकडे कमी पडल्याचं दुःख व्यक्त करा, नूतनीकरण लांबवा. मधल्या काळात सर दुसरीकडे गेले तर जाऊ द्या. माणसं येतात-जातात, सेल आपला आहे. फक्त कंपन्यांची यादी तेवढी मागून घ्या.

यादी? ती त्यांच्या मोबाइलमध्ये होती.

काही बिघडत नाही. फाउंड्रीवाल्याचा नंबर डिरेक्टरीत मिळेल. सकाळी अकराला लावा, तुम्ही स्वतः, चेअरमन म्हणून. उचलत नाहीये? परत लावा.